राजकारण्यांवर विश्वास कसा ठेवावा? कोथरूडकरांसाठी सोपी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कर्वे पुतळ्यापासून चांदणी चौकापर्यंत राहणाऱ्या, मतदार यादीत नाव असलेल्या किंवा नाव असावे असा समज असलेल्या सर्व नागरिकांसाठी आहे. राजकारण्यांवरचा विश्वास उडाला, असे आपल्याकडे सकाळी टेकडी चढताना एकदा आणि उतरताना एकदा म्हटले जाते. प्रत्यक्षात तो उडालेला नसून कुठे ठेवला होता तेच आठवत नाही, एवढीच अडचण आहे. पुढील सूचना क्रमाने पाळल्यास तो सापडेल. सापडल्यावर त्याचे काय करायचे, तेही शेवटी सांगितले आहे.

साहित्य : मतदार ओळखपत्र, वाचण्याचा चष्मा, गेल्या पंधरा वर्षांची वर्तमानपत्रे (रद्दीत गेली असल्यास बरी स्मरणशक्ती) आणि रक्तदाबाची गोळी.

सूचना १ : चिन्हांचा सराव रोज करावा

विश्वास ठेवण्याआधी तो कोणत्या बटणावर ठेवायचा हे पक्के ठाऊक हवे. यासाठी खाली तीन उदाहरणे सोडवून दाखवली आहेत.

उदाहरण पहिले, निष्ठावंत शिवसैनिक. कोथरूड हा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ झाला आणि २००९ च्या पहिल्याच निवडणुकीत चंद्रकांत मोकाटे धनुष्यबाणावर निवडून आले. युती होती, त्यामुळे शेजारच्या भाजपवाल्यांनीही धनुष्यबाणच दाबला. २०१४ ला युती तुटली, शेजाऱ्यांनी कमळ दाबले आणि मेधा कुलकर्णी चौसष्ट हजारांच्या फरकाने आमदार झाल्या. २०१९ ला युती पुन्हा जुळली. आता आपल्या शिवसैनिकाने कमळ दाबायचे होते. मे २०२४ मध्ये लोकसभेला तो ठाकरेंकडे असेल तर त्याने पंजा दाबायचा होता आणि सहाच महिन्यांनी विधानसभेला मशाल. शिंदेंकडे असेल तर दोन्ही वेळा कमळ. म्हणजे ठाकरेंच्या शिवसैनिकाने आयुष्यात एकदाही पक्ष बदलला नाही, तरी त्याचे बोट धनुष्यबाण, कमळ, पंजा आणि मशाल अशा चार ठिकाणी फिरून आले.

उदाहरण दुसरे, तीन पिढ्यांचे काँग्रेस घराणे. २०१९ ला दोन्ही काँग्रेसनी इथे मनसेच्या किशोर शिंदे यांना पाठिंबा दिला, म्हणून या घराने रेल्वे इंजिन दाबले. २०२४ ला महाविकास आघाडीचा उमेदवार मोकाटे, म्हणून मशाल. कोथरूडच्या मतदानयंत्रावर सलग दोन विधानसभांना पंजा दिसलाच नाही. आजोबा अजूनही घरात स्वतःला काँग्रेसचे म्हणवतात. त्यांना समजावण्याच्या भानगडीत पडू नये.

उदाहरण तिसरे, इंजिनवाला. २०१९ मध्ये त्याला दोन्ही काँग्रेसची साथ होती. एप्रिल २०२४ च्या गुढीपाडवा मेळाव्यात राज ठाकरे यांनी मोदींना बिनशर्त पाठिंबा जाहीर केला. नोव्हेंबरला कोथरूडमध्ये इंजिन एकटेच धावले. ५ जुलै २०२५ रोजी वरळीला राज आणि उद्धव हे दोन्ही चुलतभाऊ एका व्यासपीठावर आले. हे उदाहरण अभ्यासक्रमात पर्यायी आहे. वेळ असेल तरच सोडवावे.

विशेष टीप : चष्मा विसरू नये. २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात शशिकांत शिंदे यांचे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’ होते आणि पिपाणीचे चिन्ह मिळालेल्या एका अपक्षाला सदतीस हजारांवर मते पडली. शिंदे हरले साधारण तेहतीस हजारांनी. वाद्य ओळखण्याची परीक्षा लोकशाहीत कधीही होऊ शकते.

सूचना २ : माणूस पाहायचा की चिन्ह, हे आधी ठरवून ठेवावे

‘आम्ही माणूस बघून मत देतो’ हे कोथरूडमध्ये सर्वाधिक वेळा उच्चारले जाणारे वाक्य आहे. ते बोलायला हरकत नाही. फक्त आकडे शेजारी ठेवून बोलू नये.

२०१९ मध्ये विद्यमान आमदार मेधा कुलकर्णी यांचे तिकीट कापले गेले आणि भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष चंद्रकांत पाटील कोल्हापूरहून इथे उभे राहिले. बाहेरचा उमेदवार नको, अशा आशयाचे फलक लागले. कट्ट्यांवर अस्मिता जागी झाली. विरोधकांनी एकच उमेदवार देऊन आपली सोय केली. इतकी जय्यत तयारी होऊन पाटील पंचवीस हजारांनी निवडून आले. २०२४ ला त्यांची आघाडी १,१२,०४१ झाली. समोर होते तेच मोकाटे, ज्यांना याच कोथरूडने पहिला आमदार केले होते.

यातून दोन धडे घ्यावेत. पहिला असा की, कोथरूडमध्ये निवडून आलेला माणूस पाच वर्षांत स्थानिक होतो. भाड्याने राहणारा मात्र चाळीस वर्षांनीही ‘मूळचे तुम्ही कुठले?’ या प्रश्नातून सुटत नाही. दुसरा धडा जरा कडू आहे. ‘सुरक्षित मतदारसंघ’ असे वर्तमानपत्रात वाचले की आपल्याला छाती फुगवावीशी वाटते. जणू काही इथे घरफोड्या होत नाहीत. तो मतदारसंघ सुरक्षित असतो तो पक्षासाठी. तिकीट मिळाले की निवडून येणे ठरलेलेच असेल, तर उमेदवाराने मर्जी राखायची ती तिकीट देणाऱ्याची. मत देणारा कुठे जाणार आहे? तो टेकडीवर जाईल आणि खाली येईल.

नाराजी व्यक्त करायचीच असेल, तर तीही शिस्तीत करावी. ऑगस्ट २०२३ मध्ये चांदणी चौकाच्या नव्या पुलाचे उद्घाटन नितीन गडकरी यांच्या हस्ते झाले, तेव्हा मेधा कुलकर्णी यांनी डावलले जात असल्याची खंत समाजमाध्यमांवर उघडपणे मांडली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पक्षाने त्यांना राज्यसभेवर पाठवले. सामान्य नागरिकाने मात्र फार आशा ठेवू नये. पुलावरून नक्की कोणत्या फाट्याने उतरायचे, याबद्दलची त्याची नाराजी अद्याप विचाराधीन आहे.

सूचना ३ : पक्ष फुटल्याची बातमी रिकाम्या पोटी पाहू नये

२३ नोव्हेंबर २०१९ च्या सकाळी ज्यांनी हा नियम मोडला, त्यांच्या हातातल्या वर्तमानपत्रात मुख्यमंत्री म्हणून उद्धव ठाकरे यांचे नाव ठरल्याची बातमी होती आणि समोरच्या टीव्हीवर देवेंद्र फडणवीस व अजित पवार शपथ घेत होते. ते सरकार साधारण ऐंशी तास टिकले. २८ तारखेला ठाकरे यांनी शिवाजी पार्कवर शपथ घेतली. वर्तमानपत्र चुकले नव्हते, फक्त पाच दिवस आधी छापले गेले होते.

जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे आणि त्यांचे सहकारी सुरत, गुवाहाटी, गोवा असा प्रवास करून परत आले ते सरकार घेऊनच. त्या मुक्कामात सांगोल्याच्या शहाजीबापूंनी फोनवर वर्णन केलेली झाडी, डोंगार आणि हाटील अख्ख्या महाराष्ट्राला पाठ झाले. कोथरूडकरांना त्याचा वेगळाच त्रास झाला. झाडी आणि डोंगर आपल्याकडेही आहेत. त्यांच्या अंगावरून बालभारती ते पौड फाटा रस्ता न्यायचा की नाही, यावर वर्षानुवर्षे भांडण चालू आहे आणि टेकडी वाचवा म्हणत लोक रस्त्यावरही उतरले आहेत. पण आमची झाडी पाहायला एकही आमदार मुक्कामाला आला नाही. हाटिलांत आम्ही कमी पडलो असू.

२ जुलै २०२३ रोजी राष्ट्रवादीची पाळी आली. तोवर लोकांना सवय झाली होती. अनेकांनी पोह्यांवरचे खोबरेसुद्धा खाली ठेवले नाही.

हे सगळे अलीकडेच बिघडले, असे नातवंडांना सांगू नये. ती मोबाईलवर शोधतात. शरद पवार यांनी १९७८ च्या जुलैमध्ये वसंतदादांचे सरकार पाडून पुलोदचे सरकार आणले, तेव्हा आजचे बरेच नेते शाळेत होते. १९९९ च्या जूनमध्ये काँग्रेसमधून बाहेर पडून राष्ट्रवादी स्थापन झाली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ती काँग्रेसबरोबरच सत्तेत बसली. पळसाला पाने तीनच.

पक्षांतरबंदी कायद्याचे काय, असा प्रश्न एखादा सरळमार्गी वाचक विचारील. कायदा आहे. १९८५ मध्ये बावन्नाव्या घटनादुरुस्तीने तो आला, तेव्हा एक तृतीयांश सदस्य फुटले तर त्यांना मोकळीक होती. २००३ मध्ये ती काढली आणि दोन तृतीयांश सदस्यांनी विलीनीकरण केले तर चालेल असे ठेवले. थोडक्यात, एकटा गेला तर गद्दार आणि घोळक्याने गेले तर प्रक्रिया. शिवसेनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांवर सोपवला आणि १० जानेवारी २०२४ रोजी अध्यक्षांनी दोन्ही बाजूंच्या एकाही आमदाराला अपात्र ठरवले नाही. पक्षाचे दोन तुकडे झाले, पण पक्ष कोणीही सोडला नाही. गणितात पैकीच्या पैकी मार्क मिळवणाऱ्या कोथरूडच्या मुलांना हे उदाहरण घालू नये.

सूचना ४ : उमेदवार सोसायटीत आल्यावर

पदयात्रा फाटकाशी आली की आधी ढोल ऐकू येतो, मग सेक्रेटरी दिसतात आणि मग उमेदवार. त्या वेळी पुढीलप्रमाणे संवाद होईल. उत्तरे पाठ करून ठेवावीत.

“काका, ओळखलंत का?”

“ओळखलं ना. मागच्या वेळी उपरणं वेगळं होतं.”

“पक्ष बदलला काका, माणूस तोच आहे.”

“तीच तर काळजी आहे.”

इथे उमेदवार मोठ्याने हसेल. त्याच्या मागचे पंधरा जण त्याहून मोठ्याने हसतील. हसू नये, ड्रेनेजचा विषय काढावा.

“मागच्या गल्लीतली लाइन गेल्या पावसाळ्यात तुंबली, ती अजून तशीच आहे.”

“निधी मंजूर आहे काका. टेंडर निघतंय.”

“मागच्या वेळीही निघतच होतं.”

“तेव्हा वरती आपलं सरकार नव्हतं ना! म्हणून तर इकडे आलो. वहिनी, चहा नको, अजून सहा इमारती आहेत. आशीर्वाद असू द्या.”

एवढे म्हणून तो खाली वाकेल. गुडघे दुखत असल्यास काकांनी मागे सरकू नये, तोल जातो.

पदयात्रा गेल्यावर सोसायटीबाहेरच्या सिमेंटच्या बाकावर पाच मिनिटे बसावे. हे बाकडे नगरसेवकांच्या ‘स’ यादीतून आलेले असते. महापालिकेच्या अंदाजपत्रकात प्रभागातल्या किरकोळ कामांसाठी नगरसेवकांच्या नावे जी तरतूद ठेवली जाते, तिला स यादी म्हणतात. त्यातून बाकडी, नामफलक, कापडी पिशव्या, कचऱ्याचे डबे अशी लोकशाहीची फळे घरपोच मिळतात. बाकड्याची पाठ नीट न्याहाळावी. वरचे नाव निळ्या रंगात असते. त्याखाली पांढऱ्या रंगाचा हात मारून झाकलेले जुने नाव तिरप्या उन्हात वाचता येते, आणि ‘यांच्या प्रयत्नातून’ ही दोन शब्दांची ओळ मात्र मूळचीच असते, कारण ती कोणालाही चालते. बाकड्याचे पैसे कोणाचे, याचा उल्लेख त्यावर कुठेही नसतो. ते आपल्या मिळकतकराचे असतात.

सूचना ५ : लोकप्रतिनिधीच नसल्यास

काही वेळा विश्वास तयार असतो, पण तो ठेवायला माणूसच नसतो. पुणे महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षे प्रशासकाची होती. त्यातच खासदार गिरीश बापट यांचे मार्च २०२३ मध्ये निधन झाले आणि पोटनिवडणूक झालीच नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ती घ्या असे सांगितले, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि तेवढ्यात पुढची लोकसभा आली. त्या काळात पुणेकराला नगरसेवक नव्हता आणि वर्षभराहून अधिक काळ खासदारही नव्हता. तरीही चौकाचौकांत फ्लेक्सवर ‘भावी’ नगरसेवकांची गर्दी होती. वर्तमान रिकामे असले की भविष्य असे दाटीवाटीने लागते.

अशा काळात तक्रार घेऊन कोणाकडे जावे? माजीकडे गेलात, तर ते ‘आता आम्ही पदावर नाही’ म्हणतात. भावीकडे गेलात, तर ते ‘एकदा निवडून येऊ द्या’ म्हणतात. दोघांनाही वाढदिवसाच्या शुभेच्छा देऊन परत यावे.

अखेर १५ जानेवारी २०२६ ला मतदान झाले. त्या निवडणुकीत राज्याच्या सत्तेत एकत्र असलेले भाजप आणि शिंदेंची शिवसेना पुण्यात समोरासमोर होते, आणि राज्यात समोरासमोर असलेल्या दोन्ही राष्ट्रवादी पुण्यात एकत्र होत्या. शिवाय चार सदस्यांचा प्रभाग, म्हणजे एका मतदाराने एका दमात चार जणांवर विश्वास ठेवायचा. ज्यांना गोंधळ झाला, त्यांनी स्वतःला दोष देऊ नये.

सूचना ६ : मतदानाच्या दिवशी घ्यायची काळजी

मतदानाला सुट्टी असते. सुट्टी शुक्रवारी किंवा सोमवारी आली, तर ताम्हिणीच्या घाटातून लोकशाही जपावी लागते. मधल्या वारी आली, तर घरीच आराम करून राजकारणाच्या घसरलेल्या दर्जावर चर्चा करता येते. मतदान केलेच, तर बोटाचा फोटो ताबडतोब टाकावा. न केल्यास ‘सगळे सारखेच’ हे कारण सांगावे. ते पक्षनिरपेक्ष आहे.

सगळेच नापसंत असल्यास ‘वरीलपैकी एकही नाही’ हे बटण २०१३ पासून उपलब्ध आहे. राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये ठरवले की, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत नोटाला सर्वाधिक मते पडली तर फेरनिवडणूक घ्यायची. पण त्यासाठीही मतदान केंद्रापर्यंत चालत जावे लागते. नोटा घरपोच मिळत नाही. (दुसऱ्या नोटांविषयी ही मार्गदर्शिका काही म्हणत नाही.)

सूचना ७ : विश्वासाचा करार

आता मुख्य मुद्दा. कोथरूडमध्ये वन बीएचके भाड्याने देताना आपण काय करतो? अकरा महिन्यांचा नोंदणीकृत करार करतो. पोलीस पडताळणी करून घेतो. अनामत रक्कम घेतो. नोकरी कुठे, घरी कोण, मित्र किती येतात, मांसाहार करणार का, गिटार वाजवणार का, हे सगळे विचारतो. अकरा महिने संपले की भिंतीवरचे खिळे मोजतो. आणि आमदाराला पाच वर्षांसाठी अख्खा मतदारसंघ देताना? उपरण्याचा रंग बघतो.

पडताळणीची कागदपत्रे तिथेही असतात. विधानसभेच्या आणि लोकसभेच्या प्रत्येक उमेदवाराला नमुना २६ मध्ये शपथपत्र द्यावे लागते. त्यात मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि प्रलंबित गुन्हे लिहिलेले असतात. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कोणालाही फुकट वाचता येते. बिलातल्या सात रुपयांसाठी वाण्याशी भांडणारा माणूस हे शपथपत्र उघडून पाहत नाही, आणि मग विश्वासघात झाला म्हणून टेकडीवर उसासे टाकतो. महापालिकेचे अंदाजपत्रकही प्रसिद्ध होते. आपल्या प्रभागात कोणत्या कामाला किती पैसे धरले आणि पुढे ते कुठे वर्ग झाले, हे माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येते. दहा रुपयांत आता अमृततुल्यचा चहासुद्धा जेमतेम येतो.

राजकारणी पक्ष बदलतात, कारण पक्ष बदलल्याची किंमत त्यांना मोजावी लागत नाही. ती आपण मागत नाही. आपण चिन्हावर रागावतो, चिन्हावर प्रेम करतो आणि काम विचारण्याची वेळ आली की ‘सगळे सारखेच’ म्हणून मोकळे होतो. सगळे सारखे नसतात. ज्याला प्रश्न विचारले जातात तो जरा वेगळा वागतो, एवढाच सार्वत्रिक अनुभव आहे.

तेव्हा विश्वास सापडला असेल, तर तो मुदतीने द्यावा, लेखी द्यावा आणि दर वर्षी नूतनीकरण करावे. आमदाराचे वर्षभराचे काम विचारणारे एक पत्र सोसायटीच्या लेटरहेडवर लिहावे आणि पोच घेऊन यावे. सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगवर दोन तास जातात; त्यातली दहा मिनिटे नगरसेवकांच्या स यादीला द्यावीत, आणि जमल्यास त्यांना समोर बसवून द्यावीत.

आणि एक आकडा लक्षात ठेवावा. २०२४ च्या विधानसभेला कोथरूडमध्ये विजयाचा फरक एक लाख बारा हजारांचा होता, आणि मत न देता घरी राहिलेल्या कोथरूडकरांची संख्या त्यापेक्षा मोठी होती. हे गणित सर्व पक्षांना ठाऊक आहे. पुढच्या वेळी तरी मतदार यादीत आपले नाव आहे का, ते महिनाभर आधी पाहून घ्या.